नानांसाठी दोन सूर

रुपचंदच्या बुडाला भोवरा लागला होता. हे त्याची बायको लताबाई म्हणायची, आणि ती म्हणायची ते खोटं नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा, पण त्या श्रावणात वर्गात शिकवतानाही त्याचं बोट खडू सोडून टेबलावर टकटक करायचं. घरी आला की चपला काढायच्या आत तो आतल्या खोलीत, सेटसमोर. बसायचा, उठायचा, अंगणात जाऊन अँटेनाची तार बघायचा. तार काय पळून जाणार होती? तरी बघायचा.

सेट म्हणजे वायरलेसचा सेट. रुपचंदकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलायचं, लायसन होतं. पगारदार माणसाला परवडेल असा छंद नव्हे, पण त्याने विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही आणि तेवढ्या एका मुद्द्यावर बायकोला गप्प केलं होतं. या सेटवर तो जपानला बोलला, रशियाला बोलला. खरं बोलायचं झालं तर धरणगावकडच्या एका खेड्यातल्या झुलाल नानांशीच बोलला. वर्षानुवर्षं. सकाळी सात वाजले की दोघे सेटच्या काट्यावरच्या एका ठरलेल्या जागी यायचे, आणि बाकीचे हॅम लोक ती जागा सोडून बाजूला व्हायचे, कारण झुलाल नाना एकदा सुरू झाले की दुसऱ्याला शिरायला फट मिळायची नाही.

झुलाल नाना कापसाचे शेतकरी. रुपचंदपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचा आवाज असा की गावात लोक म्हणत, नानांना सेट कशाला, ओट्यावर उभे राहून बोलले तरी धुळ्याला जाईल. बोलायचे तरी काय? बोंडअळी, ग्रामपंचायतीतली भांडणं, नव्या सुनेने भरीत कसं बिघडवलं, अमळनेरच्या स्टँडवर कोणाचा खिसा कापला. रुपचंद त्यांना धुळ्याच्या नळाला पाणी न आल्याचं सांगायचा, प्रिन्सिपॉलची नक्कल करून दाखवायचा. कामाचं एक अक्षर त्यात नसायचं. पण त्या अर्ध्या तासावर रुपचंदचा सगळा दिवस उभा असायचा, आणि हे त्याला कळलं ते सगळं बंद पडल्यावर.

आदल्या वर्षी नानांच्या घशात गाठ निघाली. मुंबईला नेलं. गाठीबरोबर डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि मानेला श्वासासाठी एक भोक ठेवलं. जीव वाचला. नाना घरी आले, पण मुके होऊन आले.

रुपचंद भेटायला गेला होता. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मानेला पांढरं फडकं. कोणीतरी लिहायला पाटी आणून दिली होती, ती त्यांनी खाटेखाली सरकवली होती. रुपचंदने काय करावं? तो बडबडला. हवापाणी, कॉलेज, डॉक्टर किती चांगले, आता काही काळजी नाही. बडबडताना त्याच्या ध्यानात आलं की समोरच्याला उत्तर देता येत नाही आणि आपण मात्र टकळी चालवतोय. त्याची त्यालाच लाज वाटली. घाईघाईने चहा संपवून तो उठला आणि पहिली बस मिळाली तिने परत आला.

त्यानंतर सेटवर तो बोललाच नाही. सातला सेट लावायचा, ती ठरलेली जागा धरायचा आणि नुसती खरखर ऐकत बसायचा. माईक हातात घेतला तरी पुन्हा खाली ठेवायचा. ज्याचा आवाज गेला त्याच्या कानाशी जाऊन आपला आवाज मिरवायचा, हे त्याला जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटायचं. तारयंत्राची कट्टकट त्याने एकदा सुचवून पाहिली होती, ती वाजवायची एक चावी पाठवलीही होती. ती जशीच्या तशी परत आली. नानांनी ती कला लायसनच्या परीक्षेपुरती घोकली होती आणि परीक्षेच्या हॉलबाहेर पडताच विसरून गेले होते.

आणि मग श्रावणात निरोप आला. नानांचा भाचा भटू एसटीत कंडक्टर होता, त्याने स्टँडवर रुपचंदला गाठून सांगितलं की दिवाळी झाली की नाना सेट जळगावच्या कोणा हॅमला देऊन टाकणार आहेत. अँटेनाचा खांबही काढणार. मामीने विचारलंय, तुम्हाला काही हवं असेल तर येऊन घेऊन जा.

रुपचंद स्टँडवरच उभा राहिला. सेट गेला म्हणजे नाना गेले. देहाने असतील, खाटेवर भिंतीकडे तोंड करून. पण त्याचे नाना गेले. दिवाळीच्या आत नानांना सेटवर परत आणायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात शिरलं आणि त्या दिवसापासून तो भोवरा सुरू झाला.

त्याने ठरवलं ते असं. नानांनी टाईप करायचं, कॉम्प्युटरने त्या अक्षरांचे सूर करायचे, सेटने ते सूर हवेत सोडायचे, आणि धुळ्यात दुसऱ्या कॉम्प्युटरने सूर ऐकून पुन्हा अक्षरं करायची. बाहेरदेशी यासाठी तयार खोकी मिळत. इथे कुठली? खोकं नसेल तर खोक्याचं काम प्रोग्रॅमने करायचं. सूर काढायचा तुकडा स्वतः लिहायचा, सूर ओळखायचा तुकडा स्वतः लिहायचा. जळगावात एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता; तिथून त्याने हिरव्या अक्षरांचे दोन जुने कॉम्प्युटर उचलून आणले आणि लताबाईच्या शिवणाच्या मशीनला खोलीतून हद्दपार केलं.

कल्पना सोपी. सूर दोनच, एक उंच आणि एक खालचा. प्रत्येक अक्षर म्हणजे या दोन सुरांची आठाची माळ. 'ए'ची माळ वेगळी, 'बी'ची वेगळी. पण हातात घेतलं तेव्हा रुपचंदच्या नाकी नऊ आले. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे कट्ट असा धक्का बसायचा आणि ऐकणाऱ्या मशीनला तोही एक सूरच वाटायचा. तो धक्का घालवायला सूर जिथे सोडला तिथूनच दुसरा उचलायला हवा होता, आणि ते जमेपर्यंत घरभर सकाळ-संध्याकाळ असा काही आवाज घुमायचा की शेजारच्या सुमनबाई विचारून गेल्या, पाळलेला कोंबडा आजारी आहे का.

शिवाय तो काटकसरी. प्रोग्रॅमातसुद्धा काटकसर. नानांचा एक शब्द जायला किती वेळ लागेल याचा त्याला धसका होता. नानांना धीर नाही, ते कंटाळतील. म्हणून माळेतला जो मणी नसला तरी चालेल तो त्याने काढून टाकला. पुढे फुकट सूर नको, मागे फुकट सूर नको. एंटर दाबलं की पहिलं अक्षर लगेच निघालं पाहिजे. या चपळाईचा त्याला फार अभिमान होता. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना तो कागदावर काढून दाखवायचा आणि ते घड्याळ बघायचे.

गणपती बसले तेव्हा प्रोग्रॅम चालला. एक मशीन स्वयंपाकघरात, एक आतल्या खोलीत, मधे लांब वायर. तिकडे लताबाईने चिडून 'वरण निवलं' असं टाईप केलं ते इकडे हिरव्या अक्षरांत शब्दन्‌शब्द उमटलं. रुपचंदने निवलेलं वरण आनंदाने खाल्लं.

दुसऱ्या रविवारी एक कॉम्प्युटर गोधडीत बांधून, अमळनेरला बस बदलून तो नानांच्या गावी पोचला. नाना बारीक झाले होते. त्यांनी मशीनकडे पाहिलं, रुपचंदकडे पाहिलं आणि हाताने कर बाबा काय करायचं ते असं दाखवलं. रुपचंदने या खेपेला शहाणपण केलं, तो फार बोलला नाही. खुणा केल्या. ही की दाबा, हे असं, मग हे. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली अहिराणी. सेट ऐकण्यातून बोलण्यावर न्यायचं काम मशीनच करेल. नानांच्या कारभारीण भागाबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. नानांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाईप केलं. तेवढ्यावर रुपचंद खुशीत परतला.

सोमवारी सातला सेटमधून सूर आले. आले, रुपचंद खुर्ची ओढून पडद्याला भिडला, आणि पडद्यावर उमटला तो निव्वळ कचरा. प्रश्नचिन्हं, टिंबं, आकडे. दुसऱ्या दिवशी तेच. त्याला ओळखता येईल असं एकही अक्षर नाही. त्याने वायरी बदलल्या, आवाज कमी केला, वाढवला, खालचा सूर जरा वर घेतला. कॉलेजला उशीर झाला म्हणून प्रिन्सिपॉलची बोलणी खाल्ली आणि या खेपेला त्याची नक्कल करायचंही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा कचरा; वाचताच येईना, तर उत्तर काय पाठवणार? त्यापुढे सूरच आले नाहीत.

त्याने गावच्या फोनवर फोन लावला. बऱ्याच वेळाने भागाबाई धावत आल्या. त्यांनी सांगितलं, नानांनी मशीनवर गोधडी टाकून ठेवलीय. विचारलं की नुसता हात हलवतात. राहू दे, असं दाखवतात.

रुपचंदला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण माणसाला आशा दाखवली आणि तोंडावर पाडलं, असं त्याला झालं. घरात ठीक चालतं आणि हवेत गेलं की नासतं, हे काय गौडबंगाल? लताबाई म्हणाली, इथे बसून कळणार नाही, जाऊन या. तिलाही आता तो भोवरा बघवत नव्हता.

घट बसायच्या आधीच्या रविवारी तो पुन्हा नानांच्या ओसरीवर बसला होता. नाना शेतात गेले होते, येतीलच म्हणाल्या भागाबाई. आत चुलीपाशी सून भाकरी थापत होती. तेवढ्यात ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या दाराची कडी खणखणली. रुपचंदच्या पाठीमागून ओसरीवर आलेले नाना दारात उभे होते, आत शिरत नव्हते. कडी दोनदा वाजवली, थांबले. आत बांगड्या किणकिणल्या, सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला असावा, आणि मग नाना आत आले.

रुपचंदच्या चेहऱ्यावरचा प्रश्न भागाबाईंनी ओळखला. त्या हळूच म्हणाल्या, "पयले खाकरेत ना भाऊ. आते खाकरानं कथाईन? त्या कडी वाजाडतस."

आता नाना खाकरणार कुठून, म्हणून कडी. कोणत्या घरात हे नव्हतं? घरातला मोठा माणूस आत शिरण्याआधी घसा खाकरतो, आतल्या बायका पदर सावरतात, मग पाऊल पडतं. दवाखान्यातून आल्यावर नानांना त्याचं भान राहिलं नव्हतं. एकदा ते तसेच आत गेले. सून उघड्या डोक्याने केस विंचरत बसली होती, ती दचकून उभी राहिली, फणी पडली. दोघंही मेल्याहून मेले. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरलो, या विचाराने नानांनी दोन वेळ भाकरी खाल्ली नाही, आणि मग ही कडी काढली.

भागाबाई सांगत होत्या आणि रुपचंद ऐकता ऐकता उठून उभा राहिला. त्याचा प्रोग्रॅम न खाकरता शिरत होता. घरी दोन मशीनच्या मधे नुसती वायर होती, तिथे सगळे जागेच. इथे मधे दोन सेट होते. नानांचा सेट ऐकण्यातून बोलण्यावर यायला क्षणभर घेणार, धुळ्याचा सेट तो सूर कानाला लागेपर्यंत क्षणभर घेणार. तेवढ्यात याची काटकसरी माळ निघून चाललेली. पहिले मणी गळले की आठ-आठचा हिशोब कायमचा चुकला. मग पुढे उमटणार तो कचराच. सुरात खोट नव्हती. खोट होती ती रुपचंदच्या घाईत.

त्याने गोधडी काढली, नानांना खूण केली आणि तिथेच बसून प्रोग्रॅमात भर घातली. आधी एक लांब सूर, काही न सांगणारा, नुसता मी येतोय म्हणणारा. मग एक ठरलेली खूण. त्या खुणेपासून आठ-आठ मोजायला लागायचं. नाना पाठीमागे उभे राहून बघत होते. त्यांना समजावून सांगायला त्याने दाराच्या कडीकडे बोट दाखवलं आणि मग पडद्याकडे. नानांनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

परतीच्या बसमध्ये रुपचंदला बसवत नव्हतं. जागा असून तो दांड्याला धरून उभा राहिला. नाना उद्या मशीन लावतील का? तीन दिवस तोंडावर पडलेला माणूस चौथ्यांदा कशाला लावेल?

रात्री घरी पोचून त्याने आपल्या मशीनलाही ती खूण शिकवली. सोमवारी सात वाजले. खरखर. रुपचंदने घड्याळ बघितलं, सेट बघितला, पुन्हा घड्याळ. लताबाई चहा घेऊन दारात उभी राहिली, तिला आत यायचा धीर होईना. आणि मग तो लांब सूर आला. आला, थांबला, मागोमाग दोन सुरांची घाई उडाली, आणि पडद्यावर एकेक अक्षर चालत आलं.

"राम राम रुपचंद."

रुपचंदने कपाळाला हात लावला आणि हसला. लताबाईकडे बघून हसला. डोळे पुसले. मग बसून त्यानेही टाईप केलं, सूर सोडले. राम राम नाना, स्पष्ट येतंय, एकेक अक्षर स्पष्ट. तिकडून आलं, कापूस बरा शे. त्याने लिहिलं, इकडे नळाला पाणी नाही. तिकडून काहीच आलं नाही. त्याने आणखी लिहिलं, आता रोज असं बोलू, मी प्रोग्रॅम अजून चपळ करतो, दिवाळीला सेट देऊ नका. पाठवलं. पुन्हा खरखर. बराच वेळ. एका बोटाने लिहिणारा माणूस, लागणारच वेळ, असं त्याने स्वतःला समजावलं. मग सूर आले.

"तू काबर लिखस?"

त्याला कळेना. का लिहितोस म्हणजे काय? तुम्हाला लिहावं लागतं म्हणून मीही, असं काहीसं तो टाईप करायला लागला, पण तेवढ्यात पुढची ओळ आली. नाना थांबायला तयार नव्हते.

"मना आवाज गया. तुना काबर गया?"

रुपचंदने टाईप केलेलं अर्धं वाक्य खोडलं.

"मना कान शाबूत शेत. रोज सात वाजता मी सेट लावस. वरीसभर लावा. तू बोलना नही. आठे घरमा बी बठ्ठा खुणा करतस माले. कोनी बोलत नही. मंग सेट कसाले ठेवू?"

रुपचंदने ते वाचलं. पुन्हा वाचलं. वर्षभर रोज सकाळी तो इथे खरखर ऐकत बसला होता आणि तिकडे नाना तीच खरखर ऐकत बसले होते. दोघे एकाच जागी, एकाच वेळी, एकमेकांसाठी कान लावून. नाना बोलू शकत नव्हते. तो बोलू शकत होता, आणि त्याने तोंड मिटून ठेवलं होतं, वर त्या गप्प बसण्यालाच नानांचा मान ठेवणं समजत होता. कालसुद्धा त्यांच्या घरी, घरच्या सगळ्यांसारखाच, तो खुणाच करत होता. खांब काढायचं नानांनी ठरवलं ते आवाज गेला म्हणून नव्हे, त्या खांबावरून कोणी येईनासं झालं म्हणून. आणि हा शहाणा सूर जुळवत बसला. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की लताबाई तिथे आहे हेही तो विसरला.

त्याने कीबोर्ड बाजूला सारला. माईकवर धूळ बसली होती, ती सदऱ्याला पुसली. बटण दाबलं. बटण सोडलं, पुन्हा दाबलं.

"नाना, मी रुपचंद बोली राहिनू."

आणि मग तो बोलत सुटला. नळाला पाणी नाही ते, टँकरपाशी सुमनबाईंनी कोणाची बादली कशी लाथाडली ते, प्रिन्सिपॉल उशिराबद्दल कसा बोलला ते, नाकातून, हुबेहूब त्याच्याच आवाजात. वर्षाचं साठलं होतं. दम घ्यायला त्याने बटण सोडलं तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांत एवढंच उमटलं:

"हं."

घरात कोणी गोष्ट सांगत असलं की ऐकणारा देतो तो हुंकार. पुढे सांग म्हणणारा. नानांना इतक्या सुरांतून एवढंच म्हणायचं होतं. रुपचंदने पुन्हा बटण दाबलं आणि पुढचं सांगायला लागला, आणि प्रत्येक दमाला तिकडून येत राहिलं, हं, हं. कॉलेजची वेळ टळून गेली. लताबाईने गार झालेला चहा नेला आणि दुसरा आणून ठेवला.